घरापुढच्या चार नशिस्ती

१९४७ साली पोळ्यानंतर माझ्या वडिलांनी घरापुढच्या मोकळ्या जागेत बाग करायला घेतली. दिवाळीपर्यंत चार दगडी बाकं, एक उभी दगडी बाई, मोगऱ्याचे दोन वाफे, कण्हेरीची रांग आणि सडकेपासून ओट्यापर्यंत वळत येणारी मुरमाची वाट एवढं तयार झालं. संक्रांतीपर्यंत गावातलं एकही माणूस त्या बाकांवर बसलं नाही. बसला तो फक्त पोलिसांचा अमीन, आणि तोही चौकशीला आला होता म्हणून.

गाव तुळजापूरहून सोलापूरला जाणाऱ्या सडकेवर आहे. त्या वेळी सरहद्द तिथून दोन कोसांवर होती. पलीकडं सोलापूर, अलीकडं निजामाचा मुलूख. ऑगस्टमध्ये पलीकडचा भाग स्वतंत्र हिंदुस्थानात गेला. आम्ही होतो तिथंच राहिलो. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका होता. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर तिथं जकात घेत, गाड्या तपासत. वडील या खात्यात कारकून होते. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी याच नाक्यावर काढली आणि सेहेचाळीस साली पेन्शन घेऊन ते गावातल्या घरी राहायला आले. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. शिक्षण उर्दूतून झालेलं, नोकरी मिळालेली नव्हती, म्हणून घरीच होतो.

गाव आमच्याशी बोलत असे, पण आमच्या घरी येत नसे. त्याला एक घटना कारण होती. बेचाळीस सालच्या हिवाळ्यात खालच्या आळीतला एक शेतकरी सोलापूरहून बैलगाडी घेऊन परत येत होता. गाडीत पेंडीची पोती होती. त्यांतल्या सगळ्यात खालच्या पोत्यात निजामाच्या राज्यात बंदी असलेली वर्तमानपत्रं होती. नाक्यावर गाडी थांबवली आणि वरच्या पोत्यांना हात न लावता थेट तेच पोतं ओढून काढलं. शेतकऱ्यानं काही महिने धाराशिवच्या तुरुंगात काढले. कागदावर त्या गावाचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. सुटल्यावर तो सरहद्द ओलांडून गेला आणि परत आला नाही. त्याची बायको एकटी शेत करून राहिली.

थेट तेच पोतं निघालं, म्हणजे कुणीतरी आधी सांगितलेलं होतं. नाक्यावर आमच्या गावचा माणूस एकच होता. गावाला एवढं पुरेसं झालं.

सत्तेचाळीसच्या संक्रांतीला आईनं हळदीकुंकू केलं. सुगडं भरली, तीळगूळ केला, घरोघरी निरोप दिला. गुरवाची बायको आली, कारण तिचा मान होता. दुसरी कोणी आली नाही. खालच्या आळीची ती बाई येत नाही तोवर कोणी येणार नाही, हे गुरवाच्या बायकोनंच जाता जाता सांगितलं. आईनं भरलेली सुगडं दुसऱ्या दिवशी देवळात नेऊन ठेवली. मग ज्वारी निवडता निवडता वडिलांना म्हणाली, "एक वरीस बघते. पुढच्या संक्रांतीलाबी अशीच वाट बघत बसले, तर मी बार्शीला भावाकडं जाऊन ऱ्हाते. तुमी ऱ्हावा हितं, तुमच्या पेन्शनीसंगं."

त्यानंतर सात-आठ महिने वडिलांनी काहीच केलं नाही. पोळा झाल्यावर एका सकाळी त्यांनी बागेचा विचार सांगितला. नोकरीत असताना एका जागीरदाराच्या कोठीपुढं त्यांनी बाग पाहिली होती. फाटकातून आत गेलं की सावलीत बाकं आणि मधोमध पुतळा. कामासाठी आलेली माणसं तिथं बसत, एकमेकांची विचारपूस करत. वडिलांचं म्हणणं असं होतं, की बोलावलं म्हणून माणूस येईलच असं नाही, पण टेकायला जागा दिसली की तो थांबतो. गावात बसायच्या जागा दोन होत्या, मारुतीचा पार आणि चावडी, आणि दोन्ही पुरुषांच्या. डोक्यावर पाटी घेऊन तुळजापूरच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांना वाटेत कुठंच जागा नव्हती. आमच्या घरापुढं कडुलिंबाचं जुनं झाड होतं आणि त्याची सावली दिवसभर कुठंतरी असेच.

नकाशा त्यांनी स्वतः काढला. नाक्यावरचे जुने छापील फॉर्म घरात पडून होते, त्यांच्या कोऱ्या पाठीवर. ते काठी घेऊन जागेत फिरत, पावलांनी मोजत आणि थांबून टिपून घेत. सडकेवरून जाणाऱ्याला दिसे ते एवढंच: नाक्याचा माणूस, हातात नाक्याचा छापील कागद, आणि आपण समोरून गेलो की त्यावर काहीतरी लिहिलं जातं. आठवडाभरात लोक सडकेच्या पलीकडच्या कडेनं चालू लागले. मी वडिलांना सांगितलं, कागद तरी बदला. त्यांनी विचारलं, कोरा कागद कुठं आहे? घरात नव्हता.

वाट त्यांनी वळणाची आखली. सरळ वाटेवर येणाऱ्याला दारातला माणूस एकदम समोर दिसतो आणि तो बिचकतो; वळण असलं की त्याला झाडं बघत सावकाश येता येतं, असं ते म्हणाले. पारावर वेगळं कारण सांगितलं जात होतं. येणारा माणूस खिडकीतून दोन बाजूंनी दिसावा म्हणून वळण ठेवलंय. मी मधल्या खोलीच्या खिडकीत बसून पाहिलं. गुरव सडकेकडून येत होता. तो आधी डाव्या बाजूनं दिसला, मग उजव्या.

बाकांबद्दल आई बोलली. तिचा बागेवर विश्वास नव्हता, पण नकाशा पाहून तिनं चूक काढली. "बाई आधी बसत न्हाई. आधी पाटी उतरवती. पाटी उतरवायला दुसरं मानूस लागतं, न्हायतर छातीएवढी जागा लागती." म्हणून चौथं बाक उंच ठरलं. उभ्या बाईनं कमरेत न वाकता डोक्यावरची पाटी उतरवून ठेवावी एवढं. त्यासाठी आई भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि वडिलांनी कोळशानं खूण केली. आमच्या घरात त्या वर्षी दोघं एकमेकांशी इतका वेळ बोलल्याचं मला हेच एक आठवतं.

फाटकाचं मात्र वडिलांनी कुणाला विचारलं नाही. सडकेच्या बाजूला दोन खुंट पुरले आणि त्यांवर एक आडवा बांबू टाकला, एका टोकाला दगड बांधून, म्हणजे दुसरं टोक हातानं वर होईल. काम झाल्यावर ते मागं सरून बघत उभे राहिले. आई बाहेर आली, तिनंही पाहिलं आणि विचारलं, "आता पावती कोन फाडनार?" वडिलांना त्यानंतर कळलं. तो नाक्याचाच बांबू होता, तोच दगड, तीच उंची. त्यांनी त्याच दुपारी तो काढला. पण सकाळपासून दुपारपर्यंत तो होता आणि त्या दिवशी बाजार होता.

बाकं आणि बाई घडवायला तुळजापूरचा एक पाथरवट आला. तो जाती, पाटे, वरवंटे करी आणि कुणी सांगितलं तर देव करी. मुक्कामाला आमच्याच ओट्यावर होता. बाकं झटपट झाली. बाईवर अडलं.

"कंची देवी?" त्यानं विचारलं.

वडील म्हणाले, देवी नाही, बाई. हातात दिवा घेतलेली, आलेल्याला या म्हणणारी.

"बाई म्हंजी कुनाची?"

"कुणाची नाही."

पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली. "आण्णा, कुनाचीच न्हाई अशी बाई म्या घडवून तुमच्या दारात हुबी केली, तर लोक तुमाला काय म्हनतील ते ऱ्हाऊ द्या. मला माझ्या घरात जेवायला वाढनार न्हाईत."

दोन दिवस काम थांबलं. शेवटी पाथरवटानं हाताला सवय होती तसंच केलं. गोल चेहरा, सरळ नाक, डोक्यावरून पदर. कान मात्र खांद्यापर्यंत आले. त्याच्या सगळ्या देव्यांचे कान तसेच असत, कारण पुढं त्यांत दागिने घालायचे असत. वडिलांनी विचारलं, कान एवढे कशाला? तो म्हणाला, कुड्या कुठं घालाव्या मग तिनं? वडील म्हणाले, कुड्या आहेत कुठं? तो म्हणाला, त्या तुम्ही घाला. उजव्या मुठीत त्यानं आरपार भोक पाडलं होतं. त्यात लोखंडी दांडा घालून वर दिवा टांगायचा होता. दांडा लोहाराकडून यायचा राहिला.

गावानं तिचं नाव कानवाली ठेवलं. पारावर कुणीतरी म्हणालं, "आतला म्हातारा थकला, म्हनून भाईर दगडाची ठिवली." हे मला गुरवानं सांगितलं. तो हसत होता. मी घरी सांगितलं नाही, पण आईला ते आधीच कळलेलं होतं.

ओट्याच्या पायरीपासून सडकेपर्यंतची जागा सरकारी होती. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे परवाने तपासले होते. स्वतः विनापरवाना काही करणं त्यांना शक्य नव्हतं. वाफे आणि वाट त्यांनी केली, पण बाकं जागेवर बसवण्याआधी तहसीलला अर्ज द्यायचं ठरवलं. अर्ज उर्दूत लागे. तो मी लिहिला.

बाकासाठी मी नशिस्त हा शब्द वापरला. चबुतरा आणि तख्त हे शब्द मला माहीत होते. नशिस्त जास्त अदबीचा वाटला. नशिस्त म्हणजे बसायची जागा. नशिस्त म्हणजे बैठकही, माणसं जमतात, एक जण अध्यक्ष होतो, भाषणं होतात ती. मराठीत बैठकीचे होतात तसेच त्याचे दोन अर्थ होतात. हे मला ठाऊक होतं. लिहिताना आठवलं नाही. वडिलांनी अर्ज दोनदा वाचून सही केली, त्यांनाही ते खटकलं नाही. अर्जात असं वाक्य होतं, की अर्जदार आपल्या घरापुढं, सडकेला लागून, आम लोकांसाठी चार नशिस्ती ठेवू इच्छितो, तरी इजाजत मिळावी. त्या दिवसांत परवानगीवाचून सभा घ्यायला बंदी होती, आणि सरहद्दीवरच्या गावांवर पोलिसांची नजर होती.

तहसीलकडून उत्तर आलं नाही. वडिलांनी तीन आठवडे वाट पाहिली, मग एक बाक लिंबाखाली बसवून घेतलं. एकच, नुसतं कसं दिसतं ते बघायला. त्यानंतर दोन दिवसांनी ठाण्याचा अमीन दोन शिपाई घेऊन आला. अमीन म्हणजे ठाण्याचा मुख्य. त्याच्या हातात आमचा अर्ज होता. वडील बागेत होते, मी दारात.

अमीननं विचारलं, "पहली नशिस्त कब है?"

वडील म्हणाले, "पहली तो हो गई, साहब."

"हो गई? कब?"

"परसों. नीम के नीचे."

"कौन कौन था?"

वडिलांनी आठवून सांगितलं. ते स्वतः, मुलगा, पाथरवट आणि पाथरवटाचा भाऊ. बाकी तीन कधी आहेत असं अमीननं विचारलं. इजाजत आली की एकाच दिवसात तिन्ही उरकून घेऊ, वडील म्हणाले. एकीला किती लोक येतात? चार, दाटीनं पाच. अमीननं ते लिहून घेतलं.

"सदर कौन?"

सदर म्हणजे उर्दूत अध्यक्ष. वडिलांच्या डोक्यात बाकं होती आणि घर होतं. ते म्हणाले, "सदर पीछे है, साहब." आमच्या घरात बसायच्या खोलीला सदर म्हणत, आणि ती मागच्या बाजूला होती.

अमीननं एका शिपायाला घराच्या मागं पाठवलं, दुसऱ्याला आत. मला तेवढ्यात कळलं होतं. मी पुढं होऊन सांगू लागलो, की नशिस्त म्हणजे हे दगड, अर्ज मी लिहिला आहे. अमीननं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, मी कुठपर्यंत शिकलो आहे. मी सांगितलं. तो म्हणाला, इतकं शिकलेल्या माणसाला दगडाला काय म्हणतात ते कळतं. शिपाई परत आला. सदरेत वाळत घातलेल्या उडदाखेरीज त्याला काही सापडलं नव्हतं.

मग अमीन पुतळ्यापाशी गेला. मुठीतलं भोक त्यानं बोटानं तपासलं. इथं काय लागतं, त्यानं विचारलं. चिराग, वडील म्हणाले. चिराग कुठं आहे? लोहाराकडं. अमीननं हातातली छडी त्या भोकात घातली. छडी घट्ट बसली आणि उभी राहिली. झेंड्याची काठी याच जाडीची असते, असं तो म्हणाला.

आईनं चहा केला होता. अमीन लिंबाखालच्या बाकावर बसून चहा प्याला. वडील समोर उभे होते. सडकेवरून बाजारचे लोक जात होते. चहा झाल्यावर अमीन उठला आणि वडिलांना बरोबर चलायला सांगितलं.

त्यांना तुळजापूरला कचेरीत नेलं. एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते तिथं होते. मी दोनदा जाऊन आलो. भेटू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले, एका शिपायाच्या टांग्यातून, कारण तो पुढं नाक्याकडं निघाला होता. मारहाण झालेली नव्हती. चष्मा जागेवर होता. गावात दोन दिवस दोन बातम्या होत्या, एक त्यांना पकडून नेल्याची आणि दुसरी त्यांना बोलावून घेतल्याची. टांगा पाहिल्यावर दुसरीच उरली.

त्या संध्याकाळी वडील हातपाय धुवून ओट्यावर बसले होते. मी त्यांना विचारलं, बेचाळीस साली नाक्यावर काय झालं होतं?

"कोण विचारतंय? अमीन का गाव?"

"मी."

ते उठून आत गेले. मी त्याआधी हे कधी विचारलं नव्हतं. तोवर त्यांनी सांगितलं नसेल अशी माझी खात्री होती, असं मी आता लिहू शकत नाही. पुढं संक्रांतीपर्यंत मी त्यांच्या बाहेर जाण्याच्या वेळा लक्षात ठेवत होतो. ते कुठंही जात नसत. वाफ्यांना पाणी घालत.

दिवाळीच्या सुमारास निकाल आला. तो घेऊन आलेल्या शिपायाला वाचता येत नव्हतं, म्हणून सडकेवर जमलेल्या लोकांसमोर आणि गावच्या पोलीस पाटलासमोर त्यानं तो माझ्याकडूनच वाचून घेतला. बाग आणि वाट यांना हरकत नव्हती. दगड ठेवायलाही हरकत नव्हती. या घरापुढं कोणतीही नशिस्त करायला मात्र मनाई होती, आणि केल्यास अर्जदार जबाबदार धरला जाणार होता. म्हणजे बाकं मंजूर आणि बसणं नामंजूर, असा मी त्याचा अर्थ लावला. शिपायानं खळ मागितली. आईनं पिठाची खळ करून दिली. त्यानं कागद पुतळ्याच्या चौथऱ्यावर चिकटवला, कारण सपाट जागा तीच होती.

वडिलांनी उरलेली तीन बाकं बसवून घेतली. हुकमात दगडाला हरकत नव्हती.

त्या कागदानंतर गावातलं बोलणं बदललं. पारावर एक जण म्हणाला, "सरकार आपल्याच मानसाच्या दारात असा कागद कशाला लावंल?" दुसरा म्हणाला, "लावंल की. तुला असं वाटावं म्हनूनच लावंल." हा वाद बरेच दिवस चालला. काही जणांनी आता असं धरलं, की वडील नाक्यावर असल्यापासूनच सोलापुरातून निजामाविरुद्ध चळवळ करणाऱ्या लोकांना आतून सामील होते, आणि खरोखरच घरात बैठका होतात. एका दुपारी अनोळखी तरुण फाटकाच्या खुंटांपाशी थांबला आणि त्यानं हळू आवाजात मला विचारलं, की पुढची कधी आहे. मी म्हणालो, काही नाही. तो समजल्यासारखा हसला आणि निघून गेला. तो कुणाचा माणूस होता, मला कधी कळलं नाही. असे तीन जण आले.

बायकांनी पहिल्यांदा वापरलं ते उंच बाक. बाजारच्या एका दिवशी माळव्याची, भाजीपाल्याची पाटी घेतलेली एक म्हातारी सडकेवरून आत वळली, पाटी बाकावर सरकवली, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि पाटी घेऊन गेली. ती बसली नव्हती. पुढच्या बाजाराला आणखी दोघी-तिघी थांबल्या. पलीकडच्या झाडाखाली बाजारच्या दिवशी एक शिपाई उभा असे. त्यानं एकीला हटकलं. ती म्हणाली, "मी कुठं बसले, बाबा? पाटी बसलीय. तिला धरून न्हे." हे आईनं ऐकलं आणि घरात येऊन मला सांगितलं. त्या वर्षात ती पहिल्यांदा हसली होती.

अठ्ठेचाळीसची संक्रांत आली. आईनं सुगडं भरली. निरोप या वेळी वेगळा दिला: चौघीजणी मिळून येऊ नका, एकेकटी या, एक गेली की दुसरी. म्हणजे नशिस्त होणार नाही. गुरवाच्या बायकोनं हा निरोप घरोघरी पोचवला. आईनं हळदीकुंकवाचं ताट घरात न मांडता लिंबाखालच्या बाकावर मांडलं. वडील ओट्यावर बसले. मी दारात होतो. बार्शीला जायची ट्रंक आईनं आदल्या दिवशी माळ्यावरून उतरवून, पुसून ठेवली होती.

सकाळी गुरवाची बायको येऊन गेली. त्यानंतर बराच वेळ कोणी आलं नाही. शिपाई पलीकडच्या झाडाखाली होता.

उन्हं वर आल्यावर खालच्या आळीची ती बाई आली. वळणाची वाट तिनं धरली नाही. वाफा ओलांडून सरळ लिंबाकडं आली. आईनं बस म्हटलं. ती उभीच राहिली. आईनं तिला हळदीकुंकू लावलं, हातात सुगड दिलं. ते घेऊन ती ओट्याकडं वळली.

"आण्णा, एक इचारते. खरं सांगावं."

वडील उठून उभे राहिले.

"ह्यांच्या गाडीत कागद हायत, हे नाक्यावर तुमी सांगितलं का?"

"नाही. मी रजिस्टरात नाव लिहिलं. ते माझं काम होतं. लिहिलं ते मीच."

"मग सांगितलं कुनी?"

वडील म्हणाले, "मला ठाऊक आहे. गाडी यायच्या आदल्या दिवशी तो माणूस नाक्यावर आला होता. माझ्या समोर बसला होता." मग त्यांनी विचारलं, "सांगू का?"

तिनं सडकेकडं पाहिलं. शिपाई होता, आणि त्याच्या मागं आमच्या आळीतली दोन-तीन दारं उघडी होती. दारांत बायका होत्या.

"त्यो गावातलाच हाय का?"

"होय."

"मग नगा सांगू," ती म्हणाली. "मला ह्याच गावात ऱ्हायाचंय."

ती बाकावर बसली. सुगड मांडीवर ठेवलं. आईनं पाण्याचा तांब्या आणला. ती पाणी प्याली, तिनं तांब्या खाली ठेवला, आणि मोगरा कधी फुलतो असं आईला विचारलं. आई म्हणाली, उन्हाळ्यात. मग ती उठली आणि आली तशीच वाफ्यावरून गेली.

ती सडकेला लागल्यावर आमच्या आळीतली पहिली बाई निघाली. त्यानंतर दिवस मावळेपर्यंत एकामागून एक बायका येत राहिल्या. एक उठली की दुसरी वाटेवर दिसे. शिपायानं एकदा सडक ओलांडून आईला विचारलं, किती आल्या. आईनं सांगितलं, एकच, समोर बसली आहे ती. त्यानं मोजून पाहिलं, एकच होती. तो परत गेला.

वडील दिवसभर ओट्यावर बसून होते. येणारीला ते या म्हणत, जाणारीला काही म्हणत नसत. फक्त एकदा, पोलीस पाटलाच्या घरची बाई आली तेव्हा, ते या न म्हणता उठून आत गेले. ती वाण घेऊन सडकेपर्यंत गेली. मग ते बाहेर आले आणि पुन्हा ओट्यावर बसले.